वेगळ्या नेटवर्कवरचे ईएसपी सेन्सर होम असिस्टंटला जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एकच राउटर आहे, सेन्सरही त्याच वाय-फायवर आणि होम असिस्टंट हा घरातली उपकरणं एकत्र चालवणारा प्रोग्रामही तिथेच, असं असेल तर पुढचं काही वाचायची फारशी गरज नाही. बोर्डावर ईएसपीहोम (सेटिंगच्या फाइलवरून बोर्डाचा प्रोग्राम बनवणारं साधन) टाका, बोर्ड आपोआप सापडेल. अडचणी सुरू होतात त्या नेटवर्क एकाची दोन झाली की. कुणी स्मार्ट उपकरणांसाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच राउटरवर वेगळं पाडलेलं नेटवर्क, काढतं, कुणाच्या घरात राउटरमागे राउटर असतो, कुणाला दुसऱ्या गावच्या घरातल्या पाण्याच्या टाकीची पातळी इथे बघायची असते. खालची उत्तरं ईएसपी३२ आणि ईएसपी८२६६ बोर्ड डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. नेटवर्कबद्दलचा भाग मात्र कुठल्याही मायक्रोकंट्रोलरला लागू पडेल.

सेन्सर दुसऱ्या नेटवर्कवर हलवला आणि होम असिस्टंटमधून गायब झाला. वाय-फायला तर जोडलेला दिसतोय. मग बिघडलं काय?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. ईएसपीहोमचा बोर्ड स्वतःची ओळख एमडीएनएसने जाहीर करतो. म्हणजे २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर, यूडीपी ५३५३ पोर्टवर, 'मी अमुक, माझा पत्ता तमुक' असा निरोप सोडतो. हा निरोप त्याच सबनेटपुरता, म्हणजे मध्ये राउटर न लागणाऱ्या एका नेटवर्कपुरता, असतो. राउटर तो पलीकडे नेत नाही, आणि नेऊ नये असंच ठरलेलं आहे. '.लोकल'ने संपणारी नावं दुसऱ्या नेटवर्कवरून चालत नाहीत, त्याचंही कारण हेच.

इथे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात: बोर्ड सापडणं आणि बोर्डापर्यंत पोहोचणं. सापडत नाही म्हणजे पोहोचता येत नाही असं नाही. होम असिस्टंटमध्ये ईएसपीहोम इंटिग्रेशन हाताने जोडा, नावाच्या जागी बोर्डाचा आयपी पत्ता द्या, पोर्ट ६०५३ ठेवा. जोडला गेला तर प्रश्न फक्त शोधण्याचा होता आणि तो तिथेच मिटला. नाही जोडला गेला तर पुढचं उत्तर वाचा, कारण या पानावरचं निम्मं दुखणं त्यातच आहे.

एमक्यूटीटीवरचे सेन्सर दुसऱ्या नेटवर्कवरून बिनबोभाट चालतात, ईएसपीहोमचे मात्र अडतात. असं का?

कारण जोडणीला सुरुवात करणारा वेगळा आहे.

ईएसपीहोमच्या नेटिव्ह एपीआयमध्ये, म्हणजे होम असिस्टंटशी थेट बोलायच्या त्याच्या स्वतःच्या पद्धतीत, बोर्ड हा सर्व्हर असतो. तो ६०५३ पोर्टवर वाट बघत बसतो आणि होम असिस्टंट त्याच्याकडे जातो. एमक्यूटीटी या निरोप पाठवण्याच्या पद्धतीत बरोबर उलटं. बोर्ड क्लाएंट असतो, तो स्वतः ब्रोकरकडे, म्हणजे सगळ्यांचे निरोप घेऊन वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरकडे, जातो, साध्या जोडणीसाठी १८८३ पोर्टवर आणि टीएलएससाठी (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीसाठी) ८८८३ वर.

एकाच सबनेटमध्ये या फरकाने काही बिघडत नाही. मध्ये राउटर, नॅट (आतल्या सगळ्यांना राउटरचा एकच पत्ता चढवून बाहेर पाठवणं) किंवा फायरवॉल आली की सगळं यावरच ठरतं. आतून बाहेर निघालेली जोडणी राउटर लक्षात ठेवतो आणि तिची उत्तरं परत आत सोडतो. बाहेरून आपणहून आलेली जोडणी मात्र तो कुणाला द्यायची हे न कळल्यामुळे टाकून देतो. त्यामुळे कुठलीही मांडणी करण्याआधी कागदावर एक बाण काढा: सुरुवात कोण करतं आणि वाटेत कुठली भिंत कुठल्या दिशेला उघडते. एवढं स्पष्ट झालं की बाकीचा भाग नुसता सेटिंगचा उरतो. लोक मात्र उलट क्रमाने जातात. आधी दहा सेटिंग बदलतात, आणि मग कुठल्या बदलाने काय झालं हे सांगता येत नाही.

मग ईएसपीहोमचा नेटिव्ह एपीआय घ्यावा की एमक्यूटीटी?

एकाच इमारतीत, स्वतःच्या ताब्यातल्या राउटरवर व्हीलॅन असतील तर नेटिव्ह एपीआय. त्यात ब्रोकर नावाचा मधला माणूस नाही आणि एन्क्रिप्शन किल्ली आधीच मिळते. शिवाय लॉगही त्याच पोर्टवरून बघता येतो.

बोर्ड नॅटच्या मागे असेल, बॅटरीवर असेल किंवा दुसऱ्याच ठिकाणी असेल तर एमक्यूटीटी. अशाच कामासाठी तो जन्माला आला. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवरची मोजमापं महागड्या, तुटक उपग्रह दुव्यावरून आणण्यासाठी तो बनवला होता.

दोन्ही एकदम चालू ठेवू नका. तसं करता येतं, पण एकच सेन्सर होम असिस्टंटमध्ये दोनदा दिसायला लागतो आणि ऑटोमेशन कुठल्या नोंदीवर बांधलंय हे तीन महिन्यांनी आठवत नाही.

राउटरच्या मागे दुसरा राउटर आहे. सेन्सर आतल्या राउटरवर, होम असिस्टंट बाहेरच्यावर. काय करू?

याला डबल नॅट म्हणतात. हे प्रकरण एकदा आकड्यांत नीट पाहून घेऊ.

समजा बाहेरच्या राउटरचं नेटवर्क १९२.१६८.१.० आणि होम असिस्टंट १९२.१६८.१.१०. आतल्या राउटरचं नेटवर्क १९२.१६८.०.० आणि सेन्सर १९२.१६८.०.४०. आतल्या राउटरला बाहेरच्याने दिलेला पत्ता १९२.१६८.१.५७.

सेन्सर १९२.१६८.१.१० कडे निघाला की आतला राउटर त्याला स्वतःचा पत्ता चढवून पुढे पाठवतो. काम होतं. ब्रोकरच्या लॉगमध्ये बघाल तर आतले सगळे सेन्सर १९२.१६८.१.५७ या एकाच पत्त्यावरून आलेले दिसतील. ते पाहून घाबरू नका, नॅट असंच दिसतं. आता उलट दिशा. होम असिस्टंटला १९२.१६८.०.४० गाठायचंय. तो पत्ता स्वतःच्या सबनेटमध्ये नाही म्हणून तो बाहेरच्या राउटरकडे देतो. बाहेरच्या राउटरला १९२.१६८.०.० नावाचं काही माहीतच नाही, म्हणून तो ते इंटरनेटच्या बाजूला ढकलतो आणि तिथे ते मरतं. खासगी पत्ते इंटरनेटवर चालत नाहीत.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे आतल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकणं. मग नेटवर्क एकच उरतं. हे शक्य नसेल, राउटर दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल, तर एमक्यूटीटी वापरा. आतल्या राउटरवर प्रत्येक बोर्डासाठी वेगळा पोर्ट फॉरवर्ड करून (म्हणजे त्या पोर्टवर आलेली जोडणी ठरलेल्या बोर्डाकडे सोडून) नेटिव्ह एपीआय चालवता येतो, पण दोन बोर्डांच्या पुढे तो हिशेब ठेवणं जिवावर येतं.

आणि उलट असेल तर? होम असिस्टंट आत, सेन्सर बाहेर?

बाणही उलटा. नेटिव्ह एपीआय सहज चालेल. एमक्यूटीटीला आतल्या राउटरवर १८८३ चा पोर्ट फॉरवर्ड लागेल.

सेन्सरसाठी वेगळं व्हीलॅन केलंय. फायरवॉलमध्ये नेमकं काय उघडू?

नेटिव्ह एपीआय वापरत असाल तर होम असिस्टंटकडून सेन्सरच्या व्हीलॅनकडे टीसीपी ६०५३. वायरलेस अपडेटसाठी त्याच दिशेने ईएसपी३२ ला ३२३२ आणि ईएसपी८२६६ ला ८२६६. हे अपडेट ज्या मशीनवर ईएसपीहोमचा डॅशबोर्ड चालतो तिथून जातात, होम असिस्टंटच्या मशीनवरून नव्हे. दोन्ही वेगळ्या मशीनवर असतील तर नियम त्याप्रमाणे लिहा. सेन्सरकडून आत येणारं सगळं बंद ठेवलं तरी चालतं, फक्त आधी सुरू झालेल्या जोडणीच्या उत्तरांना वाट देणारा नियम सगळ्यांत वर हवा. हा नियम विसरला की पिंगसुद्धा जात नाही आणि माणूस बोर्डावर संशय घेत बसतो.

एमक्यूटीटी असेल तर सेन्सरच्या व्हीलॅनकडून फक्त ब्रोकरच्या पत्त्यावर, फक्त १८८३ किंवा ८८८३. संपूर्ण मुख्य नेटवर्क उघडलं तर व्हीलॅन करण्याचा अर्थच उरत नाही. बोर्डाला वेळ हवी असेल तर एनटीपीचा यूडीपी १२३ आणि नावं वापरत असाल तर डीएनएसचा ५३ हेही लागतात.

पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर सेन्सर ठेवलेत तर एक गोष्ट तपासा. त्यावर सहसा क्लाएंट आयसोलेशन चालू असतं, म्हणजे त्यावरची उपकरणं एकमेकांना आणि आतल्या नेटवर्कला दिसत नाहीत. तिथे कुठलाही नियम कामाला येणार नाही.

एमडीएनएस रिफ्लेक्टर लावला तर सगळं आपोआप सापडेल ना?

सापडेल. लिनक्सवरच्या अवाही या एमडीएनएस प्रोग्राममध्ये रिफ्लेक्टर चालू केला, किंवा राउटरमध्येच तशी सोय असली, तर एका व्हीलॅनचा निरोप दुसऱ्यात जातो. पण तो फक्त शोधण्याचं काम करतो. ६०५३ फायरवॉलमध्ये बंद असेल तर उपकरण यादीत दिसेल आणि जोडलं जाणार नाही, हा अनुभव तर आणखी वैताग देणारा. आठ-दहा सेन्सर असतील तर माझ्या मते रिफ्लेक्टरच्या भानगडीत न पडता पत्ते राखून ठेवलेले बरे.

पत्ता बोर्डावरच पक्का लिहू की राउटरवर राखून ठेवू?

राउटरवर, डीएचसीपी आरक्षणाने, म्हणजे राउटर त्या बोर्डाला दर वेळी तोच पत्ता देईल. सगळे पत्ते एका जागी दिसतात आणि नेटवर्क बदललं तर बोर्ड एकेक करून फ्लॅश करावे लागत नाहीत.

बोर्डावरच लिहायचा असेल तर गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) बरोबर लिहा. यातली चूक फार फसवी असते. गेटवे चुकला असेल तर बोर्ड स्वतःच्या सबनेटमध्ये अगदी व्यवस्थित चालतो, लॅपटॉप त्याच वाय-फायवर नेला की पिंगही मिळतो. पलीकडून आलेली विनंतीसुद्धा त्याच्यापर्यंत पोहोचते, फक्त उत्तर कुठल्या दाराने पाठवायचं हे त्याला माहीत नसतं. सबनेट मास्क गरजेपेक्षा मोठा लिहिला तरी हेच होतं. पलीकडचा पत्ता त्याला शेजारचाच वाटतो आणि तो राउटरकडे न जाता तिथल्या तिथे हाका मारत राहतो.

ईएसपीहोमच्या डॅशबोर्डवर बोर्ड ऑफलाइन दिसतो, पण होम असिस्टंटमध्ये आकडे येतायत. खरं कोणतं?

आकडे खरे. डॅशबोर्ड मुळात एमडीएनएसवरून हजेरी घेतो. त्याला पिंगवरून हजेरी घ्यायला सांगणारा पर्याय आहे, तो चालू करा आणि वाय-फाय विभागात वापरायचा पत्ता स्पष्ट लिहा. डॉकरमध्ये ब्रिज नेटवर्कवर चालवत असाल तर एकाच सबनेटमध्येही हेच दिसेल, कारण मल्टिकास्ट कंटेनरच्या आत पोहोचत नाही. तिथे होस्ट नेटवर्क मोड वापरा.

बोर्ड दर पंधरा मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट होतो. वीजपुरवठा बदलून पाहिला, फरक नाही.

वीजपुरवठ्याला दोष देऊ नका. ईएसपीहोममध्ये नेटिव्ह एपीआय चालू असेल आणि पंधरा मिनिटं कुणीच क्लाएंट जोडला नाही, तर काहीतरी अडकलंय असं समजून बोर्ड स्वतःला रीस्टार्ट करतो. एमक्यूटीटीकडे वळलेले लोक एपीआयचा विभाग फाइलमध्ये तसाच ठेवतात आणि मग हे सुरू होतं. तो विभाग काढून टाका, किंवा त्याची रीबूटची मुदत शून्य सेकंद करा.

सेन्सर दुसऱ्या गावच्या घरी आहे, होम असिस्टंट इथे. दोन्हीकडे साधं इंटरनेट. राउटरवर १८८३ पोर्ट उघडला की झालं ना?

असं करू नका. १८८३ वर काहीच गुप्त नसतं. वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, सगळं उघड जातं. इंटरनेटवरचे उघडे पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनर दिवसरात्र चालू असतात. ६०५३ किंवा होम असिस्टंटचा स्वतःचा ८१२३ उघडण्यालाही हेच लागू.

शिवाय बऱ्याच जोडण्यांवर ते जमणारच नाही. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. सेवा पुरवणाऱ्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय, आणि हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला. मोबाइल सिमवरच्या राउटरला तर बहुधा असंच असतं. काही पुरवठादार १० ने सुरू होणारे पत्तेही देतात. अशा ठिकाणी पोर्ट फॉरवर्ड कितीही केले तरी बाहेरून कुणी आत येत नाही.

दोन ठिकाणं व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या एन्क्रिप्ट केलेल्या बोगद्याने, जोडा. निदान एका टोकाला सार्वजनिक पत्ता असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन पुरतं, त्याचा रूढ पोर्ट यूडीपी ५१८२०. सीजीनॅटमागचं टोक सुरुवात करेल आणि दर २५ सेकंदांनी छोटासा जिवंतपणाचा निरोप पाठवत राहील अशी मांडणी करा. तसं नसेल तर मधला नॅट ती वाट विसरून जातो. दोन्ही टोकं सीजीनॅटमागे असतील तर टेलस्केलसारखी सेवा, नाहीतर सार्वजनिक पत्ता असलेला भाड्याचा छोटा सर्व्हर मध्ये घ्या.

व्हीपीएन लागला, दोन्हीकडची मुख्य मशीन एकमेकांना पिंग करतात. पण सेन्सरपर्यंत काही जात नाही.

बोगदा झाला, रस्ते लिहायचे राहिले. तीन ठिकाणी बघा.

पहिलं, दोन्हीकडचं सबनेट एकच आहे का? दोन्ही राउटर १९२.१६८.१.० वापरत असतील तर १९२.१६८.१.४० कुठला, हे कुणालाच ठरवता येणार नाही. एका बाजूचं सबनेट बदला, आणि सरळ १०.२७.८३.० सारखं काहीतरी आडवळणाचं घ्या, म्हणजे पुढे तिसरं घर जोडताना पुन्हा टक्कर होणार नाही. नॅटच्या कसरतीने हे टाळता येतं, पण ती कसरत एकदा लिहिली की नंतर वाचून समजत नाही.

दुसरं, वायरगार्डमधली परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी. तिथे समोरच्या मशीनचा बोगद्यातला पत्ता तर हवाच, शिवाय त्याच्या मागचं पूर्ण सबनेटही हवं. आणि दोन्ही मशीनवर आयपी फॉरवर्डिंग चालू हवं.

तिसरं, परतीचा रस्ता. वायरगार्ड राउटरवरच असेल तर प्रश्न नाही. पण तो बाजूच्या एखाद्या छोट्या मशीनवर असेल, तर सेन्सरचं उत्तर आधी राउटरकडे जातं आणि राउटरला पलीकडचं सबनेट माहीतच नसतं. राउटरवर एक स्टॅटिक रूट लिहा: पलीकडचं सबनेट या मशीनमार्फत.

टेलस्केलमध्ये पलीकडे लिनक्सचा सबनेट राउटर (मागच्या सबनेटपर्यंत रस्ता देणारं मशीन) ठेवलात तर एक गंमत होते. तो मुळातच स्वतःचा स्थानिक पत्ता चढवून पुढे पाठवतो, त्यामुळे होम असिस्टंटकडून सेन्सरकडे जाणारी जोडणी परतीच्या रूटशिवायही चालते. म्हणजे इथे नेटिव्ह एपीआय सोपा आणि एमक्यूटीटीला स्टॅटिक रूटची गरज. वरच्या सल्ल्याच्या बरोबर उलट, पण बाण काढलात तर कारण लगेच दिसेल. जाहीर केलेल्या रूटला व्यवस्थापन पानावर मंजुरी द्यायची असते, आणि होम असिस्टंटच्या बाजूला लिनक्सवर तो रूट स्वीकारायला वेगळं सांगावं लागतं. हेही विसरू नका.

व्हीपीएन बोर्डावरच चालवता येईल का?

ईएसपीहोममध्ये वायरगार्डचा घटक आहे आणि एखाददुसऱ्या सेन्सरसाठी तो उत्तम. पलीकडे बाकी काही यंत्रणा उभी करायची नसेल तर मी हाच घेईन. त्याला घड्याळाचा घटक सक्तीचा आहे, आणि त्यामागे कारण आहे. वायरगार्डच्या हातमिळवणीत वेळेचा शिक्का असतो. जुनाच निरोप कुणी पुन्हा वाजवू नये म्हणून आधीच्यापेक्षा मागचा शिक्का समोरचं टोक नाकारतं. बोर्डाला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की तो १९७० मध्ये जागा होतो आणि त्याची हातमिळवणी जुनी ठरते. म्हणून आधी एनटीपीने वेळ घ्यायची, मग बोगदा. वेळ देणारा सर्व्हर बोगद्याच्या पलीकडे ठेवलात तर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतील. होम असिस्टंटकडून वेळ घेणारा पर्याय इथे याच कारणाने चालत नाही.

टीएलएसने ब्रोकरला थेट जोडलं तर व्हीपीएन टाळता येईल?

येईल. ईएसपी३२ ला ते झेपतं. ईएसपी८२६६ ला स्मृती अपुरी पडते, जेमतेम चालतं आणि मग अधूनमधून कोसळतं, त्यामुळे त्यावर आग्रह धरू नका. प्रमाणपत्राची मुदत तपासायची तर इथेही घड्याळ बरोबर लागतं. ब्रोकरवर प्रत्येक बोर्डाला वेगळं नाव-पासवर्ड आणि फक्त स्वतःच्या टॉपिकवर (निरोपावरच्या पत्त्यासारख्या नावावर) लिहायची मुभा द्या.

पलीकडचं इंटरनेट वारंवार जातं. मधले आकडे गमवायचे नाहीत.

पलीकडे छोट्या मशीनवर मॉस्किटो ब्रोकर बसवा आणि त्याचा इथल्या ब्रोकरशी ब्रिज बांधा. सेन्सर त्यांच्या जवळच्या ब्रोकरला लिहितात, ब्रिज तेच इकडे आणतो. सेन्सरने क्यूओएस १ ने (पोचपावती मिळेपर्यंत निरोप धरून ठेवणाऱ्या पातळीने) लिहिलं, ब्रिजच्या टॉपिकवरही १ ठेवला आणि क्लीन सेशन (जोडणी तुटली की सगळं विसरण्याची सेटिंग) बंद केलं, तर दुवा तुटलेला असताना निरोप रांगेत थांबतात. यात दोन्हींपैकी कमी क्यूओएस लागू होतो, म्हणून एका टोकाला ० राहिला की रांग नाही.

आता उत्साहावर पाणी ओतणारी गोष्ट. रांगेतले निरोप परत आले तरी होम असिस्टंट त्यांना ते पोहोचल्याची वेळ देतो, मोजल्याची नव्हे. रात्रभराचं तापमान सकाळी एका मिनिटात आलेखावर उभ्या रेघेसारखं पडतं. खरा इतिहास हवा असेल तर पेलोडमध्ये, म्हणजे निरोपाच्या मजकुरात, वेळ घाला आणि तो वेगळ्या डेटाबेसमध्ये साठवा.

मॉस्किटो चालू आहे, त्याच मशीनवरून जोडता येतं, बाहेरून मात्र नकार मिळतो.

आवृत्ती २.० पासून, सेटिंगमध्ये लिसनर (कुठल्या पोर्टवर ऐकायचं ती ओळ) लिहिला नसेल तर मॉस्किटो फक्त स्वतःच्याच मशीनवर ऐकतो. लिसनर १८८३ ही ओळ घाला आणि पासवर्डची फाइल जोडा, कारण निनावी प्रवेशही आता मुळातून बंद असतो. होम असिस्टंटचा मॉस्किटो अॅड-ऑन वापरणाऱ्यांना हे करावं लागत नाही.

आर्डुइनोमध्ये स्वतः लिहिलेला प्रोग्राम आहे. आकडे ब्रोकरवर दिसतात, पण होम असिस्टंटमध्ये सेन्सर तयारच होत नाही.

पबसबक्लाएंट लायब्ररी वापरताय का? तिच्या एका पॅकेटची मर्यादा मुळात २५६ बाइट असते, जुन्या आवृत्त्यांत १२८. तापमानाचा निरोप चार-पाच अक्षरांचा, तो बिनधोक जातो. डिस्कव्हरीचा, म्हणजे होम असिस्टंटला सेन्सर तयार करायला सांगणारा, निरोप मात्र नाव, एकक, टॉपिक, उपकरणाची माहिती असं सगळं घेऊन सहज ३००-४०० बाइट होतो. मर्यादा ओलांडली की पब्लिश फंक्शन फक्त 'नाही' असं मूल्य परत देतं आणि गप्प बसतं. ते मूल्य कुणी तपासत नाही. बफरचा आकार १०२४ करा.

तरीही दिसत नसेल तर टॉपिक पाहा: होमअसिस्टंट, मग सेन्सर, मग तुमची ओळख, शेवटी कॉन्फिग, हे सगळं लहान रोमन लिपीत. डिस्कव्हरीचा निरोप रिटेन करून (ब्रोकरने जपून ठेवावा अशी खूण लावून) पाठवा, नाहीतर होम असिस्टंट रीस्टार्ट झाला की सेन्सर पुन्हा नाहीसा.

दोन बोर्ड आळीपाळीने तुटतात. एक बंद केला की दुसरा झकास चालतो.

दोघांचा क्लाएंट आयडी एकच आहे. एकाच आयडीने दुसरा आला की पहिल्याला बाहेर काढायचं, हा एमक्यूटीटीचाच नियम. पहिला लगेच पुन्हा जोडतो, मग दुसरा बाहेर. तोच प्रोग्राम दोन बोर्डांवर टाकला की असं होतं. आयडीमध्ये मॅक पत्त्याचे शेवटचे आकडे जोडा.

सेन्सर कालपासून बंद आहे आणि होम असिस्टंट अजून २६ अंश दाखवतोय.

एमक्यूटीटीला 'नवीन काही आलं नाही' हे आपोआप कळत नाही. लास्ट विल लावा. बोर्ड जोडतानाच ब्रोकरकडे 'मी गेलो तर ऑफलाइन असं लिही' हे सांगून ठेवतो, आणि कीपअलाइव्हच्या (निदान एक निरोप यायलाच हवा त्या मुदतीच्या) दीडपट वेळ शांतता राहिली की ब्रोकर ते लिहितो. होम असिस्टंटमध्ये तोच टॉपिक उपलब्धतेसाठी द्या. झोपणाऱ्या बोर्डांना लास्ट विल उपयोगाचं नाही, त्यांच्यासाठी मूल्याला मुदत घाला. दर दहा मिनिटांनी उठणाऱ्याला अर्धा तास ठीक. ब्रिज असेल तर आणखी एक: पलीकडचा ब्रोकर जिवंत, सेन्सरही जिवंत, पण मधला दुवा मेला, तर लास्ट विल इकडे पोहोचणारच नाही. तिथेही मुदतच कामाला येते.

बॅटरीवरचा बोर्ड नेटिव्ह एपीआयने का जमत नाही?

जमतो, पण बॅटरी खातो. उठल्यावर त्याला होम असिस्टंट आपल्याकडे यायची वाट बघावी लागते. एमक्यूटीटीमध्ये उठला, जोडला, लिहिलं, झोपला. पक्का पत्ता दिला तर डीएचसीपीचा वेळही वाचतो, इथे मात्र बोर्डावर लिहिलेला पत्ता बरा.

होम असिस्टंटच्या एचटीटीपी एपीआयवर थेट आकडा पाठवला तर?

एका ओळीत काम होतं म्हणून मोह होतो. पण असं लिहिलेलं मूल्य होम असिस्टंट रीस्टार्ट झाला की जातं, आणि बोर्डात दीर्घ मुदतीचा टोकन ठेवावा लागतो, जो दहा वर्षं चालतो आणि तुमच्या खात्याचे सगळे अधिकार बाळगतो. बाहेर बागेत टांगलेल्या बोर्डात मी तो ठेवणार नाही.

नेटवर्क सगळं ठीक आहे, पण आकडाच विचित्र येतोय.

डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरने ८५ अंश दाखवले तर तो वीज मिळाल्यावरचा मूळ आकडा आहे, मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचलात. उणे १२७ म्हणजे सेन्सर सापडलाच नाही, तार किंवा ४.७ किलोओहमचा पुलअप तपासा. मूळ ईएसपी३२ वर मातीचा ओलावा वाय-फाय बंद असताना बरोबर आणि चालू झाल्यावर चुकीचा किंवा गायब, तर तुम्ही एडीसी२ च्या (पिनवरचा व्होल्टेज आकड्यात मोजणाऱ्या दोनपैकी दुसऱ्या भागाच्या) पिनवर आहात. वाय-फाय चालू असताना तो एडीसी वापरता येत नाही. तार ३२ ते ३९ पैकी एखाद्या पिनवर न्या.

सेन्सर जिथे हवाय तिथे वाय-फायच पोहोचत नाही.

ईएसपी-नाउ वापरा. दोन ईएसपी बोर्ड राउटरशिवाय थेट बोलतात, मूळ आवृत्तीत एका निरोपात २५० बाइटपर्यंत, सेन्सरच्या आकड्याला भरपूर. वाय-फायच्या कडेला एक बोर्ड ठेवा, तो ईएसपी-नाउवर ऐकेल आणि ब्रोकरला लिहील. अट एवढीच की दोन्ही एकाच चॅनेलवर हवेत, आणि कडेचा बोर्ड राउटर ज्या चॅनेलवर असेल तिथेच बांधलेला असतो. राउटरचा चॅनेल 'ऑटो' वर असेल तर एखाद्या रात्री तो बदलतो आणि लांबचा बोर्ड कुणी ऐकत नसताना बोलत राहतो. २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्का करून टाका.